अंगठ्याकडून सहीकडे, सहीकडून पुन्हा अंगठ्याकडे

(नंदुरबार जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक विनंती करते. प्रत्येकीने आपला उजवा हात उघडून अंगठ्याकडे नीट पाहा. आता शेजारणीचा अंगठा पाहा. इथे शिक्षिका आहेत, अंगणवाडीताई आहेत, बचत गटाच्या अध्यक्ष आहेत आणि रोजाने मिरचीच्या पथारीवर जाणाऱ्या बायकाही आहेत. ज्यांचा हात दिवसभर खडू-पेन धरतो, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा स्पष्ट दिसतील. ज्या मिरचीचे देठ खुडतात, कापूस वेचतात, शेण-माती कालवतात, ऊस तोडतात, त्यांच्या अंगठ्यावर रेषांऐवजी भेगा दिसतील. काहींचा अंगठा तर नुसता गुळगुळीत झालेला असेल.

आज मला ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, ते नेमके हेच पाहते. रेशन दुकानात, बँक मित्राकडे, आधार केंद्रात ठेवलेले ते लहानसे यंत्र. आपल्या बायका त्याला 'थंब' म्हणतात. 'थंब लागला' म्हणजे धान्य मिळाले, 'थंब लागला नाही' म्हणजे पुन्हा यायचे.

थोड्या वर्षांपूर्वी एका गावात रेशन दुकानासमोर मी उभी होते. एका आजींचा अंगठा तीनदा लावून झाला, मग दुसरे बोट, मग डाव्या हाताचे. यंत्र दर वेळी नकार देत होते. दुकानदार ओळखीचाच होता. त्या आजींना तो लहानपणापासून पाहत आलेला. तरी तो म्हणाला, "आजी, मशीन घेत नाही, मी काय करू?" आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मन्हा अंगठा घिसाई गया माय, आते काय दखाडू?"

मी त्यांना काय सांगितले असेल? मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली कार्यकर्ती. मी म्हणाले, "आजी, हात साबणाने धुवा, रात्री खोबरेल लावा, आठ दिवस मिरचीला जाऊ नका. मग लागेल." आजी हसल्या. "आठ दिवस हात थांबला तर चूल कशावर पेटवू?" एवढेच त्या म्हणाल्या आणि पिशवीची घडी घालून निघून गेल्या.

ते हसू मला अजून बोचते. कारण मी यंत्राला एक प्रश्नही विचारला नव्हता. मी आजींचे हात दुरुस्त करायला निघाले होते. आज हे भाषण करते आहे ते त्या चुकीची कबुली म्हणूनही.

तेंभलीपासून सुरू झालेली गोष्ट

ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून देशभर गेली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या तेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. तिथे देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला आणि तो मिळाला एका बाईला, रंजना सोनवणे यांना. आज असे क्रमांक १३० कोटींहून अधिक लोकांना दिले गेले आहेत. जगातली बोटांच्या ठशांची ही सर्वांत मोठी नोंदवही समजली जाते, आणि तिचे पहिले पान आपल्या जिल्ह्यात लिहिले गेले.

तेंभलीच का निवडले? ज्यांच्याकडे ओळखीचा कसलाही कागद नाही अशा गरिबांना ओळख देणे, हा योजनेचा सांगितलेला हेतू होता. हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही. जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, जमीन नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, अशा बाईला स्वतःच्या नावाचा एक कागद मिळाला याचे मोल मी कमी मानत नाही. अनेक बायकांच्या आयुष्यातला तो पहिला स्वतंत्र कागद होता. पण पुढे काय झाले? कागद ओळख पटवण्यासाठी होता. हळूहळू कागद पुरेसा राहिला नाही. धान्य देताना, पेन्शन देताना, दर वेळी बोट मागितले जाऊ लागले. ओळख एकदा मिळाली असे न राहता ती दर महिन्याला नव्याने सिद्ध करावी लागू लागली. रंजनाताईंकडेही पत्रकार वेळोवेळी गेले, आणि कार्ड मिळाले तरी गरिबी तशीच आहे हेच त्या सांगत राहिल्या.

अंगठ्याचा आपला इतिहास

मैत्रिणींनो, या जिल्ह्यात अंगठा हा साधा अवयव नाही. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. सावकाराचे कर्ज, वाचता न येणारा कागद आणि त्यावर उमटवलेला अंगठा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि नंतर श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली इथले भूमिहीन आणि शेतमजूर उभे राहिले, ते या अंगठ्याने गिळलेल्या जमिनी परत मागण्यासाठीही. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ साली झाला, त्यामागे अशा लढ्यांचे बळ होते. आणि त्याच काळात शहाद्याच्या बायकांनी दारूची मडकी फोडली, बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याच्या बायकांचे पान मानाचे आहे.

त्यानंतर साक्षरतेचे वर्ग आले, बचत गट आले. आपल्यापैकी कितीतरी जणींनी कंदिलाच्या उजेडात बायकांना पाटीवर नाव गिरवायला शिकवले आहे. "अंगठा नको, सही करा" असे आपण सांगत होतो. पन्नाशीतल्या बाईने बँकेत पहिली सही केली तेव्हा तिचा हात थरथरत होता आणि डोळ्यांत पाणी होते, हे आपण पाहिले आहे. अंगठ्यावरून सहीवर येणे म्हणजे कुणाच्या तरी मुठीतून स्वतःच्या हातात येणे होते.

आणि आज सही येणाऱ्या त्याच बाईला सांगितले जाते, "सही नको, अंगठा द्या."

ही उलटी वाट नवी नाही. हाताच्या ठशाचा सरकारी वापर कसा सुरू झाला, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी रस्त्याच्या सामानाचा करार करत होता. समोर होते राज्यधर कोनाई नावाचे बंगाली कंत्राटदार. कोनाई लिहिता-वाचता येणारे होते. करार त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता आणि ते सही करणार, एवढ्यात हर्शेलने त्यांना थांबवले. शिक्क्याची शाई तळहाताला फासली आणि सहीऐवजी अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे कोनाईंनी करार नाकारू नये म्हणून धाक बसावा, हा आपला हेतू होता असे हर्शेलने स्वतःच लिहून ठेवले आहे. सही करू शकणाऱ्या माणसाची सही बाजूला सारून त्याचा ठसा घेतला गेला, आणि मुळाशी अविश्वास होता.

नंतर हर्शेलने हुगळी जिल्ह्यात पेन्शन घेणाऱ्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी करण्याची जी पद्धत एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागचे बरेचसे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचे होते. आणि १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काय केले? पारध्यांसारख्या ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्या नोंदलेल्या माणसांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा केला म्हणून ठसा नव्हे, अमुक जमातीत जन्मला म्हणून ठसा. हा डाग १९५२ साली कायद्याने पुसला गेला. माणसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही, हे पारधी पाड्यावर काम करणाऱ्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

बंदूक आणि पाच किलो धान्य

आता एक तुलना करू. अमेरिकेतल्या काही राज्यांत पिस्तुलाचा परवाना मागायला गेले की अर्जदाराच्या दहाही बोटांचे ठसे घेतात. पूर्वी शाईने घेत, आता काचेच्या डिजिटल यंत्रावर घेतात आणि ते गुन्हेगारांच्या नोंदीशी ताडून पाहतात. त्यामागचा विचार आपल्याला समजू शकतो. त्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा जीव घेण्याचे साधन द्यायचे आहे. त्याने आधी कुणाला मारलेय का, बायकोला छळलेय का, हे तपासणे समाजाचे कर्तव्य आहे. शस्त्र मागणाऱ्याने आपण धोकादायक नाही हे दाखवून द्यावे, यात अन्याय नाही.

पण आपल्या आजी काय मागत होत्या? माणशी पाच किलो धान्य. त्यांच्याकडून कुणाला कसला धोका होता? जी तपासणी शस्त्र मागणाऱ्यासाठी शोभते, ती भाकरी मागणाऱ्या बाईची दर महिन्याला होते. शिवाय पिस्तूलवाल्याचा ठसा नीट उमटला नाही तर तो पुन्हा येईल, त्याचे फार काही बिघडत नाही. आजींचा ठसा उमटला नाही तर त्या रात्रीचे जेवण अडते.

यंत्र नकार का देते?

यंत्राला घाबरायचे नाही, पण ते कसे चालते हे आपल्याला कळले पाहिजे. बोटाच्या कातडीवर उंचवटे आणि चरे असतात. आईच्या पोटात असतानाच ते तयार होतात. यंत्र त्यांचे चित्र घेते, रेषा कुठे संपते, कुठे फुटते अशा खुणा शोधते आणि नोंदणीच्या वेळी घेतलेल्या खुणांशी ताडून पाहते. दोन ठसे शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. म्हणून किती जुळले म्हणजे 'हो' म्हणायचे, याची एक मर्यादा ठरवलेली असते. मर्यादा सैल ठेवली तर चुकीचा माणूस आत येतो, आवळली तर खरा माणूस बाहेर राहतो. ही मर्यादा यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात. म्हणजे 'मशीन घेत नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे.

कातडी झिजलेली, कोरडी, भेगाळलेली असली, वय झालेले असले, की खुणा सापडत नाहीत. त्यावर नेटवर्क. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांना मी हे काय सांगावे! केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालातच ओळख पटण्यात अपयश येण्याचे अंदाज दिले होते. झारखंडसाठी ४९ टक्के आणि राजस्थानसाठी ३७ टक्के. हे सरकारचेच आकडे.

म्हणजे होते काय, तर जी जास्त राबते तिचीच ओळख पुसते. हातांनी काम न करणाऱ्याचा ठसा शाबूत राहतो. यंत्रात जात नाही, वर्ग नाही, लिंग नाही असे म्हणतात. पण कुणाचे हात मिरचीत असतात आणि कुणाचे नसतात, हे समाजाने आधीच ठरवून दिलेले आहे. यंत्र फक्त त्यावर शिक्का मारते.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने एक चांगली गोष्ट केली. रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असेल, असे म्हटले. शतकानुशतके जी शेवटी जेवत आली तिला कायद्याने घराच्या धान्याची धनीण केले. आणि नेमका याच बाईचा अंगठा लागत नाही! मग मुलाला पाठवा, नवऱ्याला पाठवा. कार्डावर ती प्रमुख, दुकानात पुन्हा नवरा.

२८ सप्टेंबर २०१७ रोजी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात संतोषी कुमारी ही अकरा वर्षांची मुलगी मेली. आधारशी जोडले नाही म्हणून तिच्या घरचे रेशनकार्ड रद्द झाले होते. मुलगी भात मागत मेली असे तिची आई सांगत होती. सरकारने मलेरियाचे कारण दिले. तेंभलीच्या समारंभाला सात वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा एक दिवस बाकी होता.

त्यानंतरच्या महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, अंगठा जुळला नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नये, ओळखीचा दुसरा मार्ग वापरावा आणि अशा नोंदींची वही ठेवावी, अशा सूचना निघाल्या. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा बऱ्याच अंशी वैध ठरवला, पण ओळख पटली नाही म्हणून कुणाचा हक्क बुडू नये, ही बाबही नोंदवली. थोडक्यात, कागदावर आजींची बाजू भक्कम आहे. पण ही गोष्ट दुकानाच्या दारापर्यंत कोण पोचवणार?

चोरी थांबली नाही का?

एक प्रश्न तुमच्या मनात असेल. पूर्वी दुकानदार आपल्या नावावर खोट्या नोंदी करायचा, माल काळ्या बाजारात जायचा. यंत्राने ते थांबले नाही का? काही अंशी थांबले असेल. काही बायका सांगतात की आता आपले धान्य दुसरा कुणी उचलत नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानातून धान्य घेण्याची सोयही झाली. हे मान्य केले पाहिजे.

पण रीतिका खेरा आणि ज्याँ द्रेझ या अभ्यासकांनी दाखवून दिलेली एक गोष्ट लक्षात घ्या. रेशनमधली चोरी बहुतेक वेळा खोट्या माणसाच्या नावाने होत नाही, ती खऱ्या माणसाला कमी मापून होते. वीस किलोवर अंगठा घ्यायचा आणि सतरा किलो द्यायचे. ही चोरी अंगठ्याने थांबत नाही. उलट पुरावा आपलाच तयार होतो, कारण अंगठा आपण दिलेला असतो! सावकाराच्या कागदाची आठवण होते ना?

ठसा चोरताही येतो. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे वापरून रबराचे अंगठे बनवल्याचे आणि त्यावर सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण पोलिसांनी उघडकीला आणले. कुलूप मोडले तर नवे आणता येते, अंगठा बदलता येत नाही.

आणि आता बोटापुढेही गोष्ट गेली आहे. २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची अट आली. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेच्या तपासणीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागितले. नंतर मुदत वाढली, विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी सोय करावी लागली. पण नवऱ्याने टाकलेल्या, कागदोपत्री घटस्फोट नसलेल्या बाईने काय करायचे होते? नाव बहिणीचे, आणि ओळख मात्र नवऱ्याच्या फोनवर येणाऱ्या आकड्यांतून!

आपण काय करायचे?

यंत्रे फोडा असे मी म्हणत नाही. मी म्हणते, यंत्र चुकले तर त्याचे ओझे बाईच्या डोक्यावर नको. त्यासाठी चार कामे आपल्या गटांनी उचलावीत.

पहिले काम, कुणीही रिकाम्या पिशवीने आणि रिकाम्या हाताने परतू नये. धान्य मिळाले नाही तर का नाही, हे लेखी मागायचे. दुकानदार देत नसेल तर आपल्या गटाच्या वहीत तारीख, वेळ, कारण लिहायचे आणि दोघींच्या सह्या घ्यायच्या. सह्या, मैत्रिणींनो, अंगठे नव्हे.

दुसरे, दुसरा मार्ग मागायचा. डोळ्याची तपासणी, फोनवरचा आकडा, कार्ड पाहून वहीत नोंद. करोनाच्या काळात २०२० मध्ये लाभार्थ्याचा अंगठा न घेता धान्य वाटण्याची मुभा राज्याने दिली होती. तेव्हा जमले, मग आता वृद्ध आणि कष्टकरी बायकांसाठी का जमू नये?

तिसरे, अन्नसुरक्षा कायद्यानुसार धान्य मिळाले नाही तर भत्ता मागण्याचा हक्क आहे आणि जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आहे. आपल्या वहीतल्या नोंदी घेऊन तिथे गटाने जायचे, एकेकटीने नाही. दक्षता समितीत बायका नुसत्या नावाला नकोत, वही घेऊन बसलेल्या हव्यात.

चौथे काम आपले स्वतःचे. कार्यकर्ती म्हणून "हात धुवून या, तेल लावा" हे सांगणे थांबवू या. ते सांगितले की चूक बाईच्या हाताची ठरते.

शेवटी एवढेच सांगते. त्या आजींना मी पुढच्या महिन्यात पुन्हा भेटले. या वेळी त्यांच्याबरोबर पाड्यावरच्या आठ-दहा बायका होत्या. यंत्राने पुन्हा नकार दिला. तेव्हा त्यांच्यातली एक दुकानदाराला म्हणाली, "आम्ही सगळ्या यांना ओळखतो. तूही ओळखतोस. लिही वहीत." दुकानदाराने जरा कुरकूर केली, मग वही काढली. आजींनी साक्षरता वर्गात शिकलेली सही केली. वेळ लागला, एक अक्षर चुकले, ते खोडून पुन्हा लिहिले. मागे रांग थांबली होती, पण कुणी घाई केली नाही.